ॲम्ब्युलन्समध्ये लॅक्टेट कसं मोजायचं आणि आकडा आल्यावर काय करायचं

गाडीवर लॅक्टेट मीटर (थेंबभर रक्तातलं लॅक्टेट मोजणारं छोटं यंत्र) आलाय पण तो कधी काढायचा, रक्त कुठून घ्यायचं, आकडा आला की पुढे काय, हे कोणी नीट बसून सांगितलं नाही, असं गेल्या काही महिन्यांत तीन-चार नव्या डॉक्टरांकडून ऐकलं. म्हणून सविस्तर लिहितेय. मी मुंबई-गोवा हायवेच्या पट्ट्यात ॲम्ब्युलन्सवर काम करते, पोलादपूर, महाड, माणगाव हा भाग. इथून पनवेल गाठायचं म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर, आणि पावसाळ्यात त्याला किती तास लागतील ते कोणीच सांगू शकत नाही. पुण्या-मुंबईत वीस मिनिटांत मोठं हॉस्पिटल मिळतं तिथे या मीटरचं काम थोडं कमी असेल, पण आमच्यासारख्या लांब पल्ल्याच्या ठिकाणी हा आकडा खरंच उपयोगी पडतो, कारण आमच्यापुढे प्रश्न असतो तो पेशंटला कुठे न्यायचं हा.

आधी एक पेशंट सांगते. गणपतीच्या दोन दिवस आधीची रात्र, मुंबईहून कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली, पाऊस, आणि कशेडी घाटाच्या अलीकडे एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा बाईकवरून घसरून रेलिंगला आपटलेला. शुद्धीवर, बोलत होता, डाव्या बरगड्यांवर खरचटलेलं, बाहेर रक्त फारसं नाही. बीपी 118/76, नाडी 108, सॅच्युरेशन 97. कागदावर बघितलं तर बरा पेशंट. पण तो सारखं पाणी मागत होता. "मॅडम, थोडं पाणी द्या ना, घसा सुकलाय." दर दोन मिनिटांनी तेच. आणि एका जागी पडून राहवत नव्हतं, कूस बदलायला बघत होता, तळहात गार. पाणी मागणारा, अस्वस्थ, गार हाताचा पेशंट असला की माझ्या मनात पाल चुकचुकतेच. शीर धरताना सुईत आलेल्या रक्ताचा थेंब स्ट्रिपला लावला, आकडा आला 4.8, हवा होता 2 च्या आत. त्या आकड्यामुळे आम्ही जवळच्या छोट्या हॉस्पिटलात न थांबता सर्जन आणि रक्तपेढी दोन्ही असलेल्या ठिकाणी निघालो. प्लीहा फाटली होती, पोट उघडल्यावर दीड लिटरच्या वर रक्त निघालं. मुलगा वाचला.

आता लॅक्टेट म्हणजे काय हे थोडक्यात. पेशीला पुरेसा ऑक्सिजन मिळाला की ग्लुकोज पूर्ण जळतं. रक्तस्राव झाला, ऊतींपर्यंत रक्त पोचेना की पेशी अर्धवट वाटेवरच काम चालवते, पायरुवेटचं लॅक्टेट होतं आणि ते रक्तात साठत जातं. त्यात भर म्हणजे शॉकमध्ये (ऊतींना पुरेसं रक्त न पोचण्याची ही अवस्था) शरीर स्वतःचं ॲड्रिनलिन भरपूर सोडतं, त्यानेही लॅक्टेट वाढतं, ऑक्सिजन असला तरी. लिव्हर आणि थोडंफार किडनी हे लॅक्टेट साफ करतात, पण त्यांनाच रक्त कमी मिळालं तर सफाई मंदावते. म्हणजे आकडा वाढण्यामागे एकच कारण नसतं, तरी जखमी माणसात वाढलेला आकडा म्हणजे शरीर ताणाखाली आहे आणि बीपी ते लपवतंय, असा अर्थ आधी घ्यायचा.

बीपी का लपवतं, तर तरुण माणसाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय जोरात पळतं, आणि सत्तर किलोच्या माणसाचं साधारण तीस टक्के रक्त, म्हणजे दीड लिटर, जाईपर्यंत वरचं बीपी बऱ्यापैकी टिकून राहतं. बीपी पडतं तोवर उशीर झालेला असतो. म्हाताऱ्या माणसाचं उलटं, त्याचं नेहमीचं बीपी 160 असेल तर 115 हे त्याच्यासाठी पडलेलंच बीपी आहे, आणि बीटा ब्लॉकरच्या गोळ्या चालू असतील तर नाडीही वाढत नाही. या दोन गटांत, धडधाकट तरुण आणि गोळ्यांवरचे म्हातारे, लॅक्टेट मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलंय.

ही कल्पना नवी नाही. मेलेल्या पेशंटच्या रक्तात लॅक्टिक ॲसिड 1843 साली जर्मनीत शेरर यांनी दाखवलं होतं, शॉकमध्ये आकडा जितका जास्त तितका मृत्यूचा धोका जास्त हे 1970 मध्ये वाइल आणि अफिफी यांनी मांडलं. आणि ॲम्ब्युलन्सवर मोजलेल्या आकड्याचं म्हणाल तर 2015 साली उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात 70 ते 100 बीपी असलेल्या जखमींमध्ये 2.5 किंवा त्यापुढचं लॅक्टेट, तातडीचे उपचार कोणाला लागतील हे बीपीपेक्षा चांगलं ओळखत होतं. मात्र नुसतं मोजल्याने कोणी वाचत नाही हेही लक्षात ठेवा. आकड्यामुळे तुम्ही काही वेगळं केलंत, रस्ता बदलला, रक्त आधी सांगून ठेवलं, सर्जनला उठवलं, तरच त्या स्ट्रिपचा उपयोग झाला.

ड्युटी सुरू होताना काय बघायचं

मीटर दोन प्रकारचे असतात. एक शुगरच्या ग्लुकोमीटरसारखे हातात मावणारे, स्ट्रिपवाले, जसे लॅक्टेट स्काउट, लॅक्टेट प्रो 2, नोव्हाचा स्टॅटस्ट्रिप. यांना मायक्रोलिटरच्या काही दशांश इतकंच रक्त लागतं आणि दहा-पंधरा सेकंदांत आकडा येतो. दुसरा आय-स्टॅटसारखा कार्ट्रिजवाला, त्याला जवळपास शंभर मायक्रोलिटर रक्त लागतं, दोनेक मिनिटं लागतात, पण सोबत पीएच वगैरेही मिळतं. आय-स्टॅटचं दुखणं असं की त्याची कार्ट्रिज फ्रीजमध्ये ठेवावी लागतात आणि मशीन 16 ते 30 डिग्रीतच चालतं, मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते सरळ एरर देतं. रस्त्यावरच्या कामाला स्ट्रिपवाला सोयीचा. फक्त यातले काही मीटर मुळात खेळाडूंच्या ट्रेनिंगसाठी बनवलेले असतात, तेव्हा घेताना तो पेशंटवर वापरायला मंजूर आहे का ते बघूनच घ्या.

स्ट्रिपची डबी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. शुगरच्या स्ट्रिपपेक्षा या बऱ्याच महाग, आणि दमट हवेने लवकर खराब होतात. आमच्याकडे जुलैत हवेतच पाणी असतं, डबीचं झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं तरी स्ट्रिपच्या जिवावर बेततं. स्ट्रिप काढली की झाकण टक्क आवाज येईपर्यंत लावायचं, मग पुढचं काम. डबीवर किती तापमान लिहिलंय ते वाचा आणि डबी डॅशबोर्डवर ठेवू नका, पेशंटच्या कप्प्यात सावलीत, औषधांच्या बॅगेत ठेवा. डबी उघडली ती तारीख मार्करने डबीवरच लिहा, कारण उघडल्यानंतरची मुदत छापील एक्सपायरीपेक्षा कमी असते. कंट्रोल सोल्युशन (मीटर बरोबर दाखवतोय का ते बघायचं द्रव) मिळालं असेल तर कंपनीने सांगितलंय तसं नियमित तपासा, नवीन डबी उघडली की तेव्हाही, आणि मीटर खाली पडला तर परत.

अजून एक बघायचं ते युनिट. आपले मीटर बहुतेक मिलिमोलमध्ये दाखवतात, पण काही हॉस्पिटलच्या लॅबचे रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये येतात. लिटरला 1 मिलिमोल म्हणजे डेसिलिटरला साधारण 9 मिलिग्रॅम. तिकडचा डॉक्टर फोनवर "छत्तीस" म्हणाला तर ते 4 आहे. फोनवर आकडा सांगताना मिलिमोल हा शब्द तोंडाने म्हणा, नुसतं "चार" म्हणून फोन ठेवू नका.

कधी मोजायचं

रस्त्यावर, पेशंट डांबरावर पडलेला असताना, कधीच नाही. हे मी ठळक सांगतेय कारण नवं यंत्र हातात आलं की ते आधी काढावंसं वाटतं. आधी वाहणारं रक्त दाबून किंवा टूर्निके (हातापायाला आवळायचा पट्टा) लावून थांबवा, श्वासाची वाट मोकळी, ऑक्सिजन, छाती बघा, कंबरेचं हाड हलतंय अशी शंका असली तर पेल्विक बाइंडर (कंबरेभोवती आवळायचा पट्टा), तो नसेल तर चादर घट्ट गुंडाळा, आणि गाडीत घ्या. घटनास्थळी दहा मिनिटांच्या वर थांबायचं नाही हा नियम लॅक्टेटसाठी मोडायचा नाही. गाडी सुटली, आणि तशीही आपण शीर धरतोच आहोत, तेव्हा मोजायचं. वेगळं टोचायची गरज नाही, वेगळा वेळ नाही.

शीर मिळत नसेल तर लॅक्टेट सोडून द्या. गार पडलेला, शीर न मिळणारा, बीपी 70 चा पेशंट शॉकमध्ये आहे हे सांगायला मीटर लागत नाही. मीटर हवा तो मधल्या पेशंटसाठी, ज्याच्याकडे बघून तुमचं मन "बरा वाटतोय, पण..." असं म्हणतंय.

रक्त कसं घ्यायचं

माझी पद्धत अशी. मीटर आणि स्ट्रिप आधीच तयार ठेवायची, पण स्ट्रिप मीटरला शेवटी लावायची, नाहीतर मीटर वाट बघून बंद होतो आणि स्ट्रिप वाया. दुखापत नसलेल्या हातावर पट्टा बांधा, 18 नंबरची हिरवी इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची बारीक नळी), पेशंट वाईट असेल तर 16 ची राखाडी. शीर सापडली, मागच्या चेंबरमध्ये रक्त दिसलं, की पट्टा लगेच सोडा. हात खूप वेळ बांधून ठेवला आणि पेशंटला मूठ उघड-बंद करायला लावली तर त्या हातात लॅक्टेट थोडं वाढू शकतं, दहा-वीस सेकंदांच्या पट्ट्याने फार फरक पडत नाही, पण सवय चांगली असावी. सुई काढताना इंट्राकॅथच्या तोंडाशी रक्ताचा थेंब येतोच, किंवा 2 एमएलच्या सिरिंजने थोडं ओढून घ्या. तो थेंब मी सिरिंजच्या स्वच्छ प्लास्टिकच्या टोपीत घेते, काही जण काचेच्या स्लाइडवर घेतात. मग स्ट्रिपची कड थेंबाला नुसती टेकवायची, स्ट्रिप स्वतः रक्त ओढून घेते, वरून थापायचं नाही. ओढून घेतलं की मीटर बीप करून उलटं मोजायला लागतो.

गाडी हलत असते तेव्हा हे सगळं अवघड जातं. मी आमच्या पायलटदादांना, म्हणजे ड्रायव्हरना, सांगून ठेवलंय, "दादा, सुई टोचतेय" म्हटलं की ते वेग थोडा कमी करतात आणि पुढे स्पीडब्रेकर असेल तर ओरडून सांगतात. दहा सेकंदांचं काम आहे पण त्या दहा सेकंदांत खड्डा आला तर सुई तुमच्याच बोटात जाईल. सुई निघाली की आधी सुईच्या डब्यात, मग स्ट्रिप. ग्लोव्हज तर आहेतच.

रक्त घेतलं की लगेच मोजा. लाल पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारा भाग) नसतो, म्हणून त्या सिरिंजमध्येसुद्धा लॅक्टेट बनवतच राहतात. सिरिंज खिशात ठेवून पंधरा-वीस मिनिटांनी मोजलेला आकडा पेशंटचा राहत नाही, गरम गाडीत तर नाहीच.

बोटातून घ्यायचं का? शीर मिळाली असेल तर घेऊ नका. शॉकमध्ये बोटाला रक्तच कमी जातं, आकडा खरा असेलच असं नाही, आणि दुसरी अडचण घामाची. घामात लॅक्टेट रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. हे मला एका दुपारी चांगलंच कळलं. मे महिना, भाजीचा टेम्पो उलटलेला, क्लीनर पोरगा घामाने निथळत होता, पायाला जखम, बाकी ठीक. शीर धरायची गरज वाटली नाही म्हणून मी बोटातून थेंब घेतला, स्पिरिटचा बोळा फिरवला पण नीट सुकू दिलं नाही, पहिलाच थेंब लावला. आकडा 9.7. मी हॉस्पिटलला फोन करून गंभीर पेशंट येतोय असं सांगितलं, तिथे ऑपरेशन थिएटरची माणसं जमा झाली. शेवटी तिथे शिरेतून काढलेल्या रक्ताचा आकडा 1.9 निघाला. माझ्यामुळे त्यांची धावपळ झाली, आणि पुढच्या वेळी माझा फोन ते तितक्या गांभीर्याने घेतील का याची मला काळजी वाटली. तेव्हापासून बोटातून घ्यायचंच असेल तर बोट पाण्याने धुवून कोरडं करायचं, स्पिरिट लावलं तर पूर्ण उडू द्यायचं, बोटाच्या बाजूला टोचायचं, पहिला थेंब गॉजने पुसायचा, दुसरा घ्यायचा, आणि बोट पिळायचं नाही. हात गार असेल तर मोजायचंच नाही.

आरएलचं काय

हा प्रश्न सगळे विचारतात. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट हे सलाईन, त्याच्या बाटलीत दर लिटरला 28 मिलिमोल लॅक्टेट असतं. मग आरएल लावल्यावर आकडा वाढणार नाही का? लिव्हर नीट असेल तर ते लॅक्टेट वापरून टाकतं, एखाद्या बाटलीने आकड्यात घोळ होण्याइतका फरक पडत नाही. घोळ होतो तो तुम्ही चालू सलाईनच्या त्याच हातातून, त्याच लाइनमधून रक्त ओढलं तर. तेव्हा तुम्ही पेशंटचं नव्हे, बाटलीतलं लॅक्टेट मोजताय. म्हणून पहिला आकडा सलाईन जोडायच्या आधी, आणि दुसरा घ्यायचा तर दुसऱ्या हातातून. दुसरा हात मोडलेला असेल तर सलाईन दोनेक मिनिटं बंद करून, सुरुवातीचं पाच एमएल रक्त टाकून देऊन मग घ्या, आणि सांगताना तसं सांगा.

ज्या पायाला किंवा हाताला टूर्निके लावलाय किंवा जो चिरडलाय तिथून कधीच घेऊ नका, तिथलं लॅक्टेट त्या अवयवापुरतं असतं.

आकडा आला, पुढे?

आकडा आणि वेळ दोन्ही लगेच लिहा. मी मायक्रोपोरच्या पट्टीवर मार्करने लिहून पेशंटच्या छातीवर चिकटवते, "21:40 लॅक्टेट 4.8". कागद हरवतात, पावसात भिजतात, पट्टी पेशंटबरोबर ऑपरेशन थिएटरपर्यंत जाते.

साधारण असं समजा. 2 च्या आत असेल तर त्या क्षणापुरतं बरं, पण अपघात होऊन दहा-पंधरा मिनिटंच झाली असतील तर या आकड्यावर विसंबू नका, लॅक्टेट साठायला वेळ लागतो. मांडीला खोल जखम असलेल्या एका पेशंटचा पहिला आकडा 1.7 होता आणि अर्ध्या तासाने 3.9. 2 ते 4 मध्ये असेल तर नाडी, बीपी, जखम कशी झाली हे सगळं जोडून बघा. इथे शॉक इंडेक्स कामाला येतो, नाडीला वरच्या बीपीने भागायचं. त्या गणपतीच्या मुलाचा 108 भागिले 118, म्हणजे 0.92, तोही वाढलेलाच होता, 0.9 च्या पुढे काळजी आणि 1 च्या पुढे जास्त काळजी. 2.5 च्या वरचं लॅक्टेट आणि वाढलेला शॉक इंडेक्स एकत्र आले तर माझ्यासाठी तो आत रक्त जाणारा पेशंट आहे, नाही हे सिद्ध होईपर्यंत. आणि 4 च्या वर असेल तर बाकी सगळं छान दिसत असलं तरी फोन उचला.

उपचारात आकड्याच्या मागे धावू नका. लॅक्टेट 6 आहे म्हणून तीन लिटर सलाईन भरायचं नाही. सलाईनने रक्त पातळ होतं, अंग गार पडतं, गुठळ्या सुटतात. डोक्याला मार नसेल तर वरचं बीपी 80-90 च्या आसपास, मनगटाची नाडी लागतेय आणि पेशंट बोलतोय, इतकं पुरे. डोक्याला मार असेल तर वेगळं, तिथे 110 च्या वर ठेवायला बघायचं. ट्रॅनेक्सा (रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड) देण्याचा विचार लगेच करा, 1 ग्रॅम दहा मिनिटांत, अपघातापासून तीन तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. या औषधाच्या 2010 च्या क्रॅश-2 ट्रायलमध्ये वीस हजारांवर पेशंट होते आणि त्यात भारतातलेही होते, त्यामुळे हे आपल्याला लागू नाही असं कोणी म्हणू शकत नाही. आणि पेशंटला ब्लँकेटमध्ये गुंडाळा, ओले कपडे काढा, एसी बंद करा. गार पेशंटचं रक्त गोठत नाही. अर्थात औषधं देताना तुमच्या सेवेचा प्रोटोकॉल आणि ऑनलाइन डॉक्टरचा सल्ला आहे तोच पाळा.

प्रवास अर्ध्या तासाच्या वर असेल तर 20 ते 30 मिनिटांनी दुसरा आकडा घ्या. आमच्या पट्ट्यात पहिल्यापेक्षा दुसरा आकडा जास्त बोलतो. त्या मुलाचा दुसरा आकडा 5.9 होता, बीपी तेव्हाही 110. पहिल्यातून दुसरा वजा करायचा, पहिल्याने भागायचं, शंभराने गुणायचं, म्हणजे किती टक्के उतरला ते कळतं. उतरतोय म्हणजे आपण केलंय ते लागू पडतंय. चढतोय म्हणजे रक्त अजून जातंय आणि याला सलाईनची नाही, सर्जनची गरज आहे. हॉस्पिटलातही हेच बघतात. 1993 मध्ये एका अभ्यासात ज्या जखमींचं लॅक्टेट 24 तासांत नॉर्मलला आलं ते सगळे वाचले होते, आणि 48 तासांतही ज्यांचं आलं नाही त्यांतले फार थोडे. ब्रिटनमधल्या 2022 च्या रीफिल ट्रायलमध्ये अपघाताच्या जागीच रक्त आणि प्लाझ्मा द्यावा की सलाईन हे 432 जखमींवर तपासलं, तिथेही मृत्यूच्या जोडीला लॅक्टेट किती उतरलं हेच माप धरलं होतं.

आकडा फसवतो तेव्हा

लॅक्टेट वाढलं म्हणजे रक्तस्रावच असं नाही, आणि हे माहीत नसलं तर प्रत्येक पेशंट मोठ्या हॉस्पिटलात पळवला जाईल. दारू प्यायलेला असेल तर आकडा वाढतो, आणि आपल्याकडे रात्रीच्या अपघातात ते प्रमाण काही कमी नाही. पण "प्यायलाय म्हणून वाढलंय" म्हणून सोडून देणं हा त्याहून धोक्याचा रस्ता आहे, प्यायलेल्याचीसुद्धा प्लीहा फाटते. अशा वेळी दुसरा आकडा काय करतो ते बघा. फिटचा झटका आला असेल तर लॅक्टेट एकदम 10 च्या वर जाऊ शकतं आणि मग तासा-दीड तासात आपोआप उतरतं, म्हणून नातेवाइकांना विचारा, आधी फिट आली आणि मग गाडी आपटली का. दम्याचा पेशंट, सॅल्ब्युटामॉलचं नेब्युलायझर दिलं, आकडा वाढणार. ॲड्रिनलिन दिलं, वाढणार. लिव्हर खराब असेल तर उतरणार हळू. डायबेटिसवर मेटफॉर्मिन चालू आणि किडनी बिघडलेली, तर आधीपासूनच वाढलेलं असू शकतं. मारामारी करून, पळून दमलेला पेशंट, तोही. आणि जळालेला पेशंट, बंद खोलीच्या आगीतला, त्याचं लॅक्टेट 10 च्या वर असेल तर सायनाइडचा विचार करायचा, नुसता भाजल्याचा नाही.

म्हणून आकडा सांगताना त्याच्याबरोबर ही माहितीही सांगायची. माझा फोन साधारण असा असतो: "पुरुष, अंदाजे 24 वर्षं, साडेनऊला बाईक अपघात, डाव्या बरगड्यांना मार, पोट डावीकडे दुखतंय आणि ताठ. शुद्धीवर, दारू नाही, फिट नाही. नाडी 108, बीपी 118. शिरेतलं लॅक्टेट सलाईनच्या आधी 4.8 मिलिमोल, पंचवीस मिनिटांनी दुसऱ्या हातातून 5.9. ट्रॅनेक्सा 1 ग्रॅम दिलंय. पोटात रक्त जातंय असं वाटतंय, सर्जन आणि रक्त तयार ठेवा, एका तासात पोचतो." पलीकडच्या माणसाने "बीपी तर चांगलंय ना" असं म्हटलं, जे बऱ्याचदा म्हणतात, तर वाद घालत बसू नका, दोन आकडे आणि मधली वेळ परत सांगा. चढत जाणारा आकडा ऐकल्यावर बहुतेक जण उठून बसतात.

नातेवाइकांना मात्र आकडा सांगू नका. त्या रात्री मुलाचा मोठा भाऊ गाडीत पुढे बसला होता, सारखा मागे वळून "ताई, बोलतोय ना तो, मग बरा आहे ना?" विचारत होता. मी त्याला एवढंच सांगितलं की बोलतोय ते चांगलंय, पण आतून रक्त जात असावं, म्हणून आपण लांबच्या हॉस्पिटलात नेतोय, आणि तू तुझ्या ओळखीतल्या चार जणांना रक्त द्यायला तिकडे बोलाव. त्याने लगेच फोन फिरवायला सुरुवात केली. आम्ही पोचलो तेव्हा गेटवर सहा पोरं उभी होती, दोघांच्या हातात गणपतीच्या सामानाच्या पिशव्या तशाच.

पेशंट उतरवला की वापरलेली स्ट्रिप पिवळ्या पिशवीत, मीटर स्पिरिटने पुसायचा, स्ट्रिपच्या तोंडात पाणी जाऊ द्यायचं नाही. आणि एक वही ठेवा. आम्ही ठेवलीय, साधी शंभर पानी: तारीख, अपघाताची वेळ, आकड्याची वेळ, रक्त कुठून घेतलं, सलाईन आधी की नंतर, पहिला आकडा, दुसरा आकडा, नाडी, बीपी, आणि शेवटचा रकाना, जो दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला फोन करून भरायचा, पेशंटचं पुढे काय झालं. तो रकाना रिकामा राहिला तर आपला मीटर खरं सांगतोय का हे आपल्याला कधीच कळणार नाही, म्हणून तो फोन मी ड्युटी संपवून घरी जायच्या आधी करते.